तुटफुटीची वही

"पयला नंबर हाय म्हणताय," हवालदार म्हणाले, "मग फोन का वाजंना?"

साताऱ्याला हायवेच्या कडेला त्यांचं यार्ड आहे. पत्र्याची शेड, दोन ट्रक, एक टेबल आणि टेबलावर फोन. मार्च संपत आला होता. मी लॅपटॉप उघडून त्यांना त्यांच्याच कंपनीचं नाव दाखवत होते. 'पॅकर्स अँड मूव्हर्स सातारा' असं टाइप केलं की येणाऱ्या यादीत ते सगळ्यांत वर होते. दोन महिने राबून मी त्यांना तिथं आणलं होतं. आणि फोन गप्प होता. माझ्यासमोर तासभर तो एकदाही वाजला नाही.

माझं काम आधी सांगते. मी सांगलीत डिजिटल मार्केटिंगचं ऑफिस चालवते. हळदीचे व्यापारी, दोन डेंटिस्ट, एक मंगल कार्यालय, असे माझे क्लायंट. लोक इंटरनेटवर काही शोधतात तेव्हा जी यादी येते, तिच्यात क्लायंटचं नाव वर न्यायचं. याला एसईओ म्हणतात. पंधरा वर्षं मी हेच करतेय. स्वतःवर माझा बऱ्यापैकी विश्वास होता. खरं तर जरा जास्तच होता.

हवालदारांचं नाव जगन्नाथ. फौजेत ट्रान्सपोर्टमध्ये होते. रिटायर झाल्यावर घरसामान हलवण्याचा धंदा काढला. बोर्डावर लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण अख्खा सातारा 'हवालदारांची गाडी' एवढंच म्हणतो. हा धंदा बदल्यांवर चालतो. एप्रिल ते जून बँकवाले, मास्तर, फौजी कुटुंबं बिऱ्हाडं हलवतात. वर्षाची भाकरी त्या तीन महिन्यांत मिळते. म्हणून जानेवारीत ते माझ्याकडे आले आणि मी त्यांना नवीकोरी वेबसाइट करून दिली.

"सीझन आसाच गेला तर धाकटी गाडी इकायची," ते म्हणाले. "गाडी गेली की तीन मानसं कमी करायची. पांडबा पयला."

"पांडबाच का?"

"बाकीची गावातली हायत, काय बी करत्याली. ह्यो जतवरनं आलाय. हितं खोली करून ऱ्हातोय. काम नसल्यावर थांबून करंल काय?"

पांडबा म्हणजे पांडुरंग, त्यांचा मुख्य पॅकर. चाळिशीचा, सडपातळ. शेडच्या दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याचे खोके जुळवत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही, पण त्याचा हात थांबला.

मी कामाला लागले. आधी फोनच बिघडलाय का बघावं म्हणून माझ्या मोबाइलवरून तो नंबर लावला. टेबलावरचा फोन खणखणला. शेडमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मग साइटवर किती माणसं येतात ते पाहिलं. यादीत नाव वर चढत होतं आणि येणारी माणसं घटत होती. पंधरा वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. दुकान भर चौकात आणलं आणि गिऱ्हाईक गायब, असला प्रकार.

उत्तर माझ्याच बिल्डिंगमध्ये मिळालं. दुसऱ्या दिवशी सांगलीला घरी आले तर खाली एक ट्रक रिकामा होत होता. साताऱ्याहून बदलून आलेले एक बँक ऑफिसर, तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेले. ट्रक दुसऱ्याच कंपनीचा होता. न राहवून मी विचारलं, "ही कंपनी कशी शोधलीत?"

"एआयला विचारलं. त्यानं दोन नावं दिली. पहिल्याला फोन केला."

"यादी नाही पाहिलीत?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "यादी कशाला बघू?"

माझी पंधरा वर्षं त्या माणसानं एका वाक्यात निकालात काढली. 

साध्या भाषेत सांगते काय झालं होतं. पूर्वी तुम्ही शोधलं की दहा नावं समोर यायची, निवड तुमची तुम्ही करायचात. आता एआय म्हणजे ते बोलणारं यंत्र तुमच्याऐवजी सगळं वाचतं आणि शेजाऱ्यानं सांगावं तसं सांगतं: यांच्याकडे जा, या कारणासाठी. पहिल्या नंबरची किंमत यादी बघणाऱ्याला. यादीच कुणी बघत नसेल तर पहिला काय आणि पन्नासावा काय.

मी पुन्हा साताऱ्याची एसटी धरली. हवालदारांना शेजारी बसवलं आणि त्यांच्यासमोरच एआयला विचारलं, साताऱ्याहून घरसामान हलवायला चांगलं कोण? त्यानं दोन नावं दिली. आपलं नव्हतं. मग मी सरळ नाव घेऊन विचारलं की ही कंपनी कशी आहे.

उत्तर आलं ते मला जवळजवळ पाठ आहे. ही साताऱ्याची कंपनी आहे. तिच्या साइटवर सुरक्षित, वेळेवर आणि माफक दरात असं लिहिलं आहे. बहुतेक कंपन्या हेच लिहितात, त्यामुळे ही कंपनी वेगळी कशी ते सांगता येत नाही. जुन्या ग्राहकांच्या अभिप्रायांत मात्र एका पानाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. त्या पानावर ही कंपनी प्रत्येक कामात काय तुटलं-फुटलं ते स्वतःच लिहीत असे. ते पान आता सापडत नाही.

मी शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"काय म्हनतंय?" हवालदारांनी विचारलं. चष्मा त्यांनी घरी ठेवला होता.

मी वाचून दाखवलं. आवाज शेवटाकडे बारीक होत गेला, कारण ते पान काढून टाकणारी मीच होते.

जानेवारीत जुनी साइट पहिल्यांदा उघडली तेव्हा त्या पानावर मी खो खो हसले होते. 'तुटलं-फुटलं' असं मथळ्यात लिहिलेलं. खाली आठ वर्षांची यादी. कुणाच्या कपाटाची काच, कुणाच्या फ्रीजचं दार, आणि प्रत्येक ठिकाणी कुणाच्या हातून तुटलं त्याचं नाव. मी हवालदारांना म्हणाले होते, "अहो, आम्ही मोडतो म्हणून स्वतःच्या दारावर कुणी पाटी लावतं का?" ते म्हणाले, "तुमी शिकलेल्या. काडा." ती यादी दर रविवारी टाइप करणारी त्यांची सून वैशाली तेव्हा चहा घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं. कप ठेवून आत गेली. पानाच्या जागी मी '१००% सुरक्षित' असा हिरवा शिक्का टाकला. तो शिक्का मी माझ्या निम्म्या क्लायंटना दिलेला आहे.

आणि आता एक यंत्र ते पान शोधत होतं. कुठल्या तरी लांबच्या देशात कुठल्या तरी कपाटात बसलेलं यंत्र. कोऱ्या जागेसमोर उभं राहून सांगत होतं की इथं काहीतरी चांगलं होतं. मी थक्क होऊन स्क्रीनकडे बघत राहिले. या धंद्यात मला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं.

"ते पान परत टाकता येईल?" वैशालीनं दारातूनच विचारलं.

मी खाली मान घातली. कॉपी ठेवली नव्हती. आमच्या धंद्यात हे अक्षम्य आहे. काही काढायचं तर आधी कॉपी ठेवायची, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते.

"वह्या हायत की," हवालदार म्हणाले आणि त्यांनी टेबलाखालून काळी लोखंडी ट्रंक ओढली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा फौजेतला नंबर. आत चार जाड वह्या.

त्या दुपारी मी त्या वह्या वाचल्या. हसत सुरुवात केली आणि हळूहळू हसू ओसरलं. प्रत्येक नोंद चार ओळींची. काय, कुठं, कारण, यापुढं. पहिलीच नोंद अशी: 'वाई ते पुणे. काचेचं कपाट. उजवी काच तडकली. हातून: जगन्नाथ. कारण: घाई. यापुढं: काच आधी काढून येगळी बांधायची.' म्हणजे पहिलं नाव मालकाचं होतं.

पुढं शिलाई मशीन, मत्स्यटाकी, लोणच्याची बरणी. बरणीची नोंद मला फार आवडली. 'कारण: बाईंनी रिकामी सांगितली, आमी उघडून बघितली न्हाई. यापुढं: सांगितलं तरी बघायचं.' सांगलीच्या एका घरच्या पितळी घंगाळाला पोचा पडला, त्याचीही चार ओळींची नोंद. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की एकच चूक दोनदा कुठंच नाही. ही वही तुटफुटीची नव्हतीच. आठ वर्षं ही माणसं काम कशी शिकत गेली, त्याची ती वही होती.

"हे लिहायचं सुचलं कसं?" मी विचारलं.

"सुचायचं काय त्यात? फौजेत गाडीचं जे बिगाडलं ते डायव्हरनं लिवायचं. लिवलं तर शिक्षा न्हाई. लपवलं तर हाय."

आणि मग ती नोंद आली. 'मिरज ते सातारा. तानपुरा. भोपळ्याला चीर. हातून: पांडुरंग. कारण: भोपळा कडक गाठोड्यावर टेकवला. यापुढं:' इथं मात्र चार ओळींच्या जागी दीड पान भरलं होतं. मिरजेत तानपुरे-सतारी बनवणारे कारागीर आहेत. चीर गेलेला तानपुरा घेऊन पांडबा स्वतः त्यांच्याकडे गेला आणि दोन दिवस त्यांच्या दारात बसून राहिला. तारा किती सैल करायच्या, दांडीला आधार कुठं द्यायचा, सगळं शिकून आला. भोपळा कशावर टेकवायचा याला मात्र त्यानं स्वतःचंच उत्तर काढलं. चुंबळ. जतकडं बायका डोक्यावर पाण्याची घागर घेतात तेव्हा खाली कापड पिळून जी गोल गादी ठेवतात ती. त्याच्या आईनं जन्मभर लांबून पाणी आणलं, घागर कधी हलली नाही, असं त्याचं म्हणणं हवालदारांनी जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.

मी वही मिटली आणि म्हणाले, "सगळं परत टाकूया. फक्त माणसांची नावं नको. उगाच बदनामी."

"ते त्येला इचारा," हवालदार म्हणाले. कारण सगळ्यांत जास्त वेळा नाव पांडबाचंच होतं. सगळ्यांत जास्त सामान तोच बांधायचा.

पांडबाला विचारलं. तो पुठ्ठ्यावरची धूळ झाडत म्हणाला, "लिवा की ओ. मोडलं ते मीच मोडलं. शिकलो बी मीच. निम्मंच कशाला लिवायचं?"

 हिरवा शिक्का काढला. वैशाली आणि मी सहा दिवस बसून चारही वह्या पुन्हा टाइप केल्या. भाषा सुधारली नाही. मी एकदा 'येगळी'चं 'वेगळी' करायला गेले तर वैशालीनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी हात मागे घेतला.

आणि पुढं काही झालं नाही. हे सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं बटण दाबलं की दिवा लागतो. या यंत्रांना नवं पान दिसायला वेळ लागतो आणि किती लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. एप्रिल गेला. मे अर्धा गेला. तुरळक कामं आली, ती ओळखीची. कऱ्हाडचा एक माणूस येऊन धाकटी गाडी बघून गेला. टायरला लाथ मारून बघितली, बॉनेट उघडलं, शनिवारी पक्कं सांगतो म्हणाला. ते बघायला मी यार्डात होते. पांडबा त्या दिवशी सकाळपासून गाडी धूत होता. विकायच्या गाडीला इतकं कोण धुतं?

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. मी यार्डातच होते, क्षमा मागायची तयारी करून आले होते. वैशालीनं फोन उचलला, ऐकलं, आणि माझ्या हातात दिला.

"मी बंगळुरूहून बोलतेय, नीलिमा," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "मूळची वाईची. वडील गाणं शिकवायचे. ते गेले. आई माझ्याकडे आलीय, पण तिचं चित्त वाईत अडकलंय. घरातलं बाकी काही आलं नाही तरी चालेल म्हणते, पण त्यांचा तानपुरा हवा. तो मिरजेचा आहे, माझ्याहून वयानं मोठा. पाच कंपन्यांना विचारलं, सगळे म्हणाले, शंभर टक्के सुरक्षित. मला एकाचाही भरवसा वाटला नाही."

मला माझा हिरवा शिक्का आठवला.

"मग मी एआयला इंग्रजीत विचारलं. त्यानं तुमचं नाव दिलं. म्हणालं, या कंपनीनं एकदा एका तानपुऱ्याचा भोपळा फोडलाय आणि तसं लिहून ठेवलंय. तेव्हापासून ते भोपळ्याखाली कापडाची गोल गादी ठेवतात, खेड्यातल्या बायका घागरीखाली ठेवतात तशी. हे खरं आहे?"

"खरं आहे."

"मग ऐका. ज्यांनी तो फोडला, तेच बांधायला येणार असतील तर मला तुमची गाडी हवीय. दुसरं कुणी नको."

मी फोनवर हात ठेवून पांडबाकडे पाहिलं. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी लपवलं नाही. जतच्या एका बाईची चुंबळ, तिच्या मुलाच्या तोंडून हवालदारांच्या वहीत गेली, वहीतून सुनेच्या बोटांनी साइटवर. तिथून ती कुठं कुठं फिरली देव जाणे, आणि इंग्रजीत बंगळुरूच्या एका लेकीपर्यंत पोचली. अर्थ न हरवता पोचली. कुणाला हा नुसता हिशेबी यंत्राचा खेळ वाटेल. मला अजूनही तो चमत्कार वाटतो. आत नेमकं काय होतं ते मला कळत नाही, आणि कळल्याचा आव मी आणणार नाही.

वाईला मी मुद्दाम गेले. नदीच्या घाटाजवळच्या त्या घरात पांडबानं तानपुऱ्याला आधी हात जोडले. खुंट्या एकेक करून सैल केल्या, कान लावून. जुन्या मऊ लुगड्याचं कापड पिळून चुंबळ केली, दोन वेळा सोडून पुन्हा केली. भोपळा तिच्यावर टेकवला आणि हाताचे तळवे अलगद काढून घेतले. प्लायवूडची पेटी त्यानं स्वतः मापं घेऊन करून आणली होती. तासभर तो कुणाशी बोलला नाही. बँकेची अख्खी शाखा बांधताना मी त्याला पाहिलं आहे, तेव्हा तो अखंड बडबडत असतो. त्या दिवशी मी दाराशी उभी होते आणि आपण कुणाच्या पूजेत आलोय असं वाटून चपला काढून मागे सरकवल्या. पेटी ट्रकच्या हौद्यात नाही, केबिनमध्ये त्याच्या शेजारी गेली.

दोन दिवसांनी बंगळुरूहून फोन आला. हवालदारांनी स्पीकर लावला. नीलिमाताईंनी काही न बोलता फोन तानपुऱ्याजवळ धरला. हायवेवरून ट्रक जात होते, शेडचा पत्रा तापून कडकडत होता, आणि त्या सगळ्यात तो आवाज भरत गेला. मग एक म्हातारा, थरथरता सूर त्यात मिसळला. त्यांच्या आईचा. हवालदार उठून उभे राहिले. का ते त्यांना विचारलं नाही, मीही उभी राहिले.

कऱ्हाडच्या माणसाला हवालदारांनी आधीच नाही म्हणून कळवलं होतं. नीलिमाताईंनी सगळ्या नातेवाइकांना सांगितलंच, पण त्याच आठवड्यात अनोळखी फोनही सुरू झाले. कुणाची काचेची हंडी, कुणाचं आजोबांचं घड्याळ, कुणाची मत्स्यटाकी. 'तुमचं तुटफुटीचं पान वाचलं' किंवा 'एआयनं सांगितलं', अशी सुरुवात. जूनभर दोन्ही गाड्या रस्त्यावर होत्या. धाकटी गाडी राहिली. पांडबाची खोलीही राहिली.

जुलैत मी यार्डात गेले तेव्हा हवालदार वही लिहीत होते. बंगळुरूची नोंद मला दाखवली. 'वाई ते बंगळूर. तानपुरा. एक तार तुटली. हातून: पांडुरंग. कारण: पोचल्यावर नीट हाय का बघाया वाजवला. यापुढं: वाजवायचा न्हाई.'

मी मोठ्यानं हसले. पांडबा लाजून शेडच्या मागे गेला. बाईंनी तार बदलली आणि मगच आपल्याला ऐकवलं, हे मला तेव्हा कळलं.

हवालदारांनी वही माझ्यापुढं सरकवली आणि वर पेन ठेवलं. "तुमची नोंद ऱ्हायली."

मी बसून लिहिलं. 'सातारा. वेबसाइट. आठ वर्षांचं पान मोडलं. कॉपी ठेवली नाही. कारण: हसले, वाचलं नाही. यापुढं: आधी वाचायचं.' चांगलं जमलं असं मला वाटलं. वही परत दिली.

हवालदारांनी या खेपेला चष्मा आणला होता. सावकाश वाचून त्यांनी वही पुन्हा माझ्याकडे फिरवली.

"मॅडम," ते म्हणाले, "हातून कुणाच्या, ते ऱ्हायलंय."

मी नाव लिहिलं. वैशालीनं त्याच रविवारी ते टाइप केलं. आता कुणी माझ्या ऑफिसबद्दल एआयला विचारलं की ते सगळ्यांत आधी हेच सांगतं.